थोकाचं परदेशी जाणं

१२ जून

पाऊस, आणि वर वारा! आयदीस आजही घोडीवर बसली नाही. निवड चाचणी तोंडावर आलीय आणि पोरगी म्हणते, "बाबा, थोकाला आराम हवाय." आराम कुणाला हवाय ते दिसतंय मला! जर्मनीतल्या जागतिक स्पर्धेला या खोऱ्यातला एकही घोडा आजवर गेलेला नाही.

१३ जून

शेजारचा थोरगिल्स आला. लोणी लावून सुका मासा चापला आणि वर मलाच अक्कल शिकवली — "गेली की गेली रे! देशाबाहेर पाऊल टाकलेला घोडा परत घेत नाहीत." जसं काही मला माहीतच नाही! आमच्या या बेटावरच्या घोड्यांना बाहेरचे रोग सोसत नाहीत, म्हणून बाहेरचा घोडा इथे येऊ द्यायचा नाही — शेकडो वर्षांची रीत. मग काय, चांगली जनावरं कुरणातच म्हातारी करायची? दोन-अडीचशे वर्षांपूर्वी लाकी ज्वालामुखीनं निम्म्याहून जास्त घोडे मारले, त्यातून तगलेल्यांची ही अवलाद. जगाला दिसू दे की!

आयदीस जेवता जेवता उठून गेली. आज माझी आस्गेर्दुर असती तर तिनं समजावलं असतं आपल्या पोरीला. थोकाला बाटलीनं दूध पाजून तिनंच वाढवलं. आजारपणातही खिडकीतून हाका मारायची घोडीला. आता मी एकटा काय बोलणार?

१७ जून

राष्ट्रीय दिन. झेंडा लावला. वाऱ्यानं फाटला.

१९ जून

संपलं! थोका टोल्ट ही आमच्या घोड्यांची खास चाल चालते तेव्हा स्वाराच्या हातातला भरलेला पेला हिंदकळत नाही. आज पंचांसमोर तिची चाल दोनदा मोडली. दोनदा! आयदीसनं ऐनवेळी लगाम हिसकला — नवशिकाही करणार नाही असली चूक. घरी आलो. आणि हिला भूक लागलेली! वाटीभर स्कीरचं घट्ट दही खाल्लं, वर आणखी घेतलं. डोक्यात तिडीक गेली.

२१ जून

कुंपण दुरुस्त करायला लाव्हाच्या माळावर गेलो. खाली वाळूवर थोका, तिच्या पाठीवर आयदीस. पोरीच्या एका हातात कॉफीचा मग! जोरात टोल्ट, आणि चाल कुठे म्हणता कुठे मोडली नाही. मग उतरली, घोडीच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. बराच वेळ.

म्हणजे मुद्दाम! हातोडी तिथेच विसरून आलो. जाब विचारायचाय तिला. उद्या.

२ जुलै

निवड समितीचा फोन. निवडलेला एक घोडा आजारी पडलाय — जागा थोकाची! आयदीस पाठमोरी भांडी घासत होती. नळ बंद केला तिनं.

खिडकीतून कुरणात उधळणाऱ्या थोकाकडे बघत मी फोनवर म्हणालो, "नाही जमणार. घोडी लंगडतेय."