दारावरची फुली

अग्निशामक केंद्र, वरचा मजला
तारीख ५, सकाळी

चि. धाकटीस,
अनेक उ. आशीर्वाद वि. वि.

मी धडधाकट आहे हे आधी सांगतो, म्हणजे बाकीचं तू स्वस्थपणे वाचशील. टॉवर पडल्यापासून इथे फोन म्हणजे नुसतं घड्याळ झालाय. हे पत्र औषधांच्या ट्रकवाल्याबरोबर धाडतोय. तो तुमच्या निवाऱ्यावर येऊन-जाऊन असतो, उत्तर त्याच्याकडेच दे.

नदी अजून बाजारातून हलायला तयार नाही. माणसं सगळी बाहेर पडली, पण दोन दिवसांत परत येऊ अशा समजुतीने. त्यामुळे घराघरांत जनावरं मागे राहिली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कुठून तरी एक होडी मिळवली, तिच्यासाठी नावाडी मिळवला, आणि तिसरा मी, कुलूपवाला. लोकांकडून चिठ्ठ्या येतात की अमक्या घरात मांजर आहे, तमक्या घरात पोपट आहे, पण कुलूप फोडू नका. कुलूप फुटलं की घर उघड्यावर पडतं, ही भीती. मी आकड्याने उघडतो आणि जनावर काढून झालं की पुन्हा लावून ठेवतो, म्हणून आम्हाला परवानगी मिळाली. तीस वर्षांत मी एकही कुलूप फोडलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझी वहिनी त्याला माझा अहंकार म्हणते. म्हणू दे.

काम झालं की चौकटीच्या माथ्यावर खडूने खूण करतो. गोल म्हणजे जनावर बाहेर काढलं. फुली म्हणजे आत कोणी नाही, वेळ घालवू नका. मागून दुसरी एक होडी येते, ती फुली पाहून पुढे जाते. काल बँकेतल्या कॅशिअरच्या घरात पोपटाचा पिंजरा पंख्याला टांगलेला सापडला. आम्ही छातीभर पाण्यातून आत शिरलो, तर पोपट आम्हाला चपला बाहेर काढा म्हणाला. डॉक्टरीणबाई हसता हसता रडायला लागल्या. त्यांनाही झोप नाही.

तुमच्या गल्लीतही गेलो होतो. तुझं घर उभं आहे, काळजी करू नकोस. दार उघडलं नाही. बाबांचा कुत्रा फौजदार औषधवाल्या शेजाऱ्यांच्या गाडीतून गेला, हे तू ट्रकमध्ये चढतानाच मला सांगितलं होतंस, तेव्हा होडीतूनच फुली मारली. नावाडी मात्र वल्हं थांबवून म्हणायला लागला की वर कुत्रं भुंकतंय. मी त्याला म्हटलं की हे माझ्या सख्ख्या बहिणीचं घर, इथलं मला विचार, आणि पाण्यावरून आवाज कुठला कुठे जातो. बहुतेक त्याच्या कानात पाणी गेलंय.

बाबांना सा. न. सांग. पस्तीस वर्षं कुत्र्यांनी ज्यांच्या पोटऱ्या धरल्या त्या पोस्टमनने म्हातारपणी कुत्र्यावर जीव लावावा, हा देवाचा विनोदच. फौजदार शेजाऱ्यांकडे नीट खातो ना, तेवढं विचारून कळव.

माया आहेच, ती ओली-सुकी जशी असेल तशी राहू दे.
तुझा,
दादा


निवारा, शाळेची इमारत, सातवीचा वर्ग
तारीख ६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं, पण त्यातलं फौजदारचं सगळं गाळलं. का ते सांगते. आधी हे पत्र खाली ठेवून होडी काढायला सांग, मग पुढचं वाच.

फौजदार घरात आहे. तो शेजाऱ्यांबरोबर गेला नाही. ट्रकवाल्यांनी जनावर घ्यायचं नाही म्हणून सांगितलं. बाबांना पायऱ्यांवरून दोघांनी उचलून आणलं होतं, पाणी उंबऱ्याला लागलं होतं, आणि विचार करायला पाच मिनिटंसुद्धा नव्हती. मी त्याला वर शिलाई मशीनच्या खोलीत नेलं, दोन बादल्या पाणी ठेवलं, पातेलंभर भात ठेवला आणि बाहेरून कडी लावली. उघडं ठेवलं असतं तर त्याने ट्रकच्या मागे पाण्यात उडी घेतली असती. दोन दिवसांचा प्रश्न आहे असं सगळेच म्हणत होते.

बाबांना मी सांगितलं की फौजदार तुझ्याबरोबर आहे. तुला सांगितलं की शेजाऱ्यांबरोबर आहे. तुला खरं सांगितलं असतं तर तू त्याच क्षणी मागे फिरला असतास. पलीकडच्या गल्लीतली भिंत माझ्या डोळ्यांसमोर पडली होती रे. कुत्र्यापायी भाऊ घालवायचा का, एवढंच मनात आलं. पाणी उतरलं की सांगू, असं रोज म्हणत राहिले. पाणी उतरलं नाही आणि माझी जीभही उचलली नाही.

बाबा रोज सकाळी विचारतात की दादाकडे फौजदार कसा आहे. मी म्हणते, मजेत आहे. काल त्याने डॉक्टरीणबाईंचा मोजा पळवला असंही रचून सांगितलं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी उठून पडदे शिवायला बसले. वर्गात सहा कुटुंबं आहेत, मधे पोत्यांचे पडदे लावायचं काम माझ्याकडे आलंय. सुई हातात असली की मान खाली घालता येते.

तुझा नावाडी बहिरा नाही, दादा. मला काय बोलायचं ते नंतर बोल. आधी जा.

तुझी,
धाकटी


अग्निशामक केंद्र
तारीख ८

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

फौजदार जिवंत आहे. हे पहिल्या ओळीतच लिहितो.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं आणि आम्ही तसेच निघालो. पाणी गुडघ्यापर्यंत उतरलंय, पण दार फुगून बसलेलं. तुझ्या लग्नात मीच दिलेलं ते कुलूप. त्यात इतका गाळ बसला होता की आकडा फिरेना. मी तिथे दहा मिनिटं खटपट केली. आतून काहीच आवाज येत नव्हता. मग नावाड्याकडून होडीच्या नांगराचा दगड घेतला आणि कुलूप फोडलं. फोडताना काहीसुद्धा वाटलं नाही, याचंच मागून वाटलं.

वरची एक बादली उपडी पडलेली होती, दुसरी कोरडी. दाराची फळी खालून कुरतडून पातळ झाली होती. तो मशीनखाली होता. मी हाक मारली तर माझ्यावर गुरगुरला. तेही नीट जमलं नाही, आवाज बसलाय त्याचा. पुढच्या पायाची दोन नखं गेली आहेत. त्याला बाबांच्या गोधडीत गुंडाळून आणला. डॉक्टरीणबाई चमच्याने पाणी देतात आणि विचारलं की बघू म्हणतात. बघू म्हणजे काय ते मी विचारत नाही.

तुला बोलावं असं पुष्कळ मनात आलं होतं. होडीत बसल्या बसल्या शब्दसुद्धा जुळवले होते. पण नावाडी, जो इतर वेळी तोंडाचा पट्टा थांबवत नाही, तो येताना एक अक्षर बोलला नाही. बोलायचा हक्क त्याचा होता. चार तारखेला त्याने ऐकलं आणि मी त्याला गप्प केलं. तू खोटं बोललीस, पण कान माझेही शाबूत होते. रोज सकाळी हात जोडून मी देवाला म्हणत होतो की एकही दार चुकू देऊ नकोस. त्याने नावाड्याच्या तोंडून सांगितलं आणि मी त्यालाच इथलं मला विचार म्हटलं.

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. अशा फुल्या मी आणखी किती मारल्या? कोणी सांगितलं आमचं मांजर मावशीकडे आहे, कोणी म्हणालं कोंबड्या विकल्या. ओळखीची माणसं, म्हणून शब्दावर पुढे गेलो. आठवून आठवून अकरा दारं निघाली. आजपासून ती सगळी पुन्हा उघडतोय. सकाळची पहिली चार रिकामी होती. पाचव्यात शाळेच्या शिपायाची मांजर होती. ती गेलेली होती, फार दिवस झाले नसावेत. शिपायाने मला सांगितलं होतं की तिला आम्ही बरोबर नेलं. त्यानेही कोणाला तरी धीर द्यायलाच सांगितलं असेल.

बाबांना आता तूच सांग. सगळं सांग.

दादा


निवारा, सातवीचा वर्ग
तारीख ९, संध्याकाळी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. पडदा ओढून घेतला आणि त्यांच्या पायाशी बसून पहिल्यापासून सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले की मला खोटं सांगितलंस ते समजू शकतो, म्हाताऱ्याला सांगतातच. पण ज्याच्या हातात किल्ली होती त्याला कशाला सांगितलंस? यावर तुला सुचतं का काही?

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी सोसलं असतं. पण फौजदार सापडला, जिवंत आहे, दादाने गोधडीत गुंडाळून आणला, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बरं. त्या ‘बरं’मध्येच मला कळलं. त्यांना पटलेलं नाही. मी तुझं पत्र काढून त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं, नांगराचा दगड, गेलेली नखं, सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले की पस्तीस वर्षं पत्रं वाटली, बाळ. बरं नसलेल्या माणसाकडे कशी धीर देणारी पत्रं जातात ते मला माहीत आहे. तुम्ही दोघं भावंडं चांगली आहात.

मोज्याची गोष्ट मी किती रंगवून सांगितली होती, दादा. आता खरं सांगताना तोच आवाज, तेच तोंड. शपथ घेतली, तर शपथ कशाला घालतेस म्हणाले.

दुपारी त्यांनी ताट तसंच परत केलं, आत्ताही केलं. भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. पडद्यापलीकडच्या बाईंनी मला हळूच विचारलं की तुमच्याकडे कोणी गेलं का. मी नाही म्हणाले, तर त्यांनाही ते खरं वाटलं नसावं.

काय करू ते कळव. नाहीतर काहीच कळवू नकोस, तू लिहिलेलं आता मीच लिहवून घेतलंय असं त्यांना वाटतं.

तुझी,
धाकटी


अग्निशामक केंद्र
तारीख ११, पहाटे

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

पत्रावर आता भागणार नाही, तेव्हा हे शेवटचं आणि थोडक्यात.

फौजदारने काल वाटीभर पेज घेतली. उभा राहतो, चार पावलं टाकतो आणि बसतो. डॉक्टरीणबाईंच्या मते त्याला हलवायला अजून आठवडा हवा. मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. त्या त्याच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजत म्हणाल्या की रस्त्यात गेला तर मला दोष देऊ नका, आणि थांबून तिकडे म्हातारे गेले तरी देऊ नका. दोष देण्याचं काम सध्या मी दुसऱ्या कोणाकडे सोपवलेलं नाही, असं मी त्यांना सांगितलं.

अकरापैकी दोन दारं उरली आहेत. ती उजाडताच उघडतो. ती सोडून आलो तर बाबांसमोर उभा राहू शकणार नाही. ट्रकवाला जनावर घ्यायला आजही तयार नाही. नावाडी मात्र न बोलावता हातगाडी घेऊन आलाय. तिच्यात पेंढा घातलाय. चढाचा रस्ता आहे, संध्याकाळ होईल.

फौजदारला घेऊन आम्ही येतोय हे बाबांना सांगू नकोस. तुझ्या तोंडून ते आणखी एक खोटं होईल, आणि वाटेत काही झालं तर खरोखरच होईल. त्यांना फक्त उठवून खिडकीशी बसव. कशाला म्हणून विचारलं तर गप्प राहा. तेवढं तुला जमेल, देव तुला तेवढं बळ देवो.

निघतो.
दादा