दुसऱ्या पाळीतला जिव्या

प्रिय अपेक्षा,

तुझा गेम खेळले. युनियनमधल्या मेहुलने ऑफिसात लॅपटॉप लावून दिला, कोणतं बटण दाबलं की पुढे जायचं ते शिकवलं आणि तो कामावर गेला. आधी मी भिंतीलाच धडकत राहिले. पण तारापूरचा रसायनांचा कारखाना तू हुबेहूब उभा केलास. पंपाची घरघर, कॅन्टीनमधली ओली ताटं, 'सुरक्षा प्रथम'चा गंजलेला फलक. सगळं रोजचंच, फक्त माणसं नाहीत.

मला आधी रागच आला. भुताखेतांवर मी जन्मभर गेटसभांमधून कोरडे ओढले. कारखान्यात माणूस भुतानं मरत नाही. गळक्या व्हॉल्व्हनं मरतो, दुरुस्ती पुढे ढकलणाऱ्या मालकामुळे मरतो. आणि तू मालकाला सोडून भूत उभं केलंस! मग रिअॅक्टरमागून तो पुढे आला, डावा खांदा पाडून, हेल्मेट हातात धरून. चेहरा तू काळोखात ठेवलास, पण चाल कशी लपणार? सालवडला तुला खांद्यावर घेऊन फिरणारा आपला शेजारी, जिव्याच तो.

गेम रविवारी सगळ्यांसाठी खुला व्हायचा आहे, पण जिव्याची बायको नको म्हणाली तर सगळी मेहनत पुसून टाकीन, असं तू कळवलंस. तानीला विचारायचं काम माझ्यावर सोपवलंस, ते बरं केलंस. मेलेल्या माणसाबद्दल त्याच्या घरच्यांना विचारायचं असतं. कंपनीनं तेही केलं नव्हतं. तो स्वतःच्या चुकीनं आत थांबला, असं परस्पर जाहीर करून मोकळी झाली.

काल तानी आली. मी खेळत होते, ती शेजारी बसून पाहत होती. जिव्या जवळ यायला लागला की मी गेटकडे धावायचे; त्याचा हात लागला की खेळ खलास. तानी हसली. "बाय, भाषनात येवढी गाजतेस, आनि हितं पलतेस?" मग जिव्याला परत दाखव म्हणाली. परत. रडली नाही. मी लॅपटॉप मिटायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं.

इथला नियम तुला ठाऊक आहे: पुढच्या पाळीचा बदली माणूस, म्हणजे रिलिव्हर, आल्याशिवाय रिअॅक्टर सोडायचा नाही. त्या दिवशी जिव्याचा रिलिव्हर आलाच नाही. पहिली पाळी करून तो दुसरीलाही थांबला, आणि गॅस सुटला तेव्हा आतच होता. तानी पडद्याकडे बघत म्हणाली, "तो अंगावर येत नाय गो. रिलिव्हर आला का, बगाया येतो."

अपेक्षा, तिची ना नाही. त्याचं नाव घातलंस तरी चालेल. पण तिची एक अट आहे, आणि ती सांगायलाच हे पत्र लिहिते आहे. शेवट बदल. पळून गेटबाहेर गेला तो जिंकला, असं नको. जो पळणार नाही, रिअॅक्टरपाशी जाऊन उभा राहील आणि "जा, मी आलो" म्हणेल, त्याच्यासमोर गेट उघडू दे, आणि त्यातून जिव्याला बाहेर पडू दे. रविवार चुकला तरी चुकू दे. तानीचे शब्द जसेच्या तसे देते: "मेल्यावर पन ड्यूटीच करील काय तो? घरी धाड त्याला."

तुझीच,
वत्सला आत्या