कडीला सर्वांची संमती

तीर्थरूप मामांस,

एवढ्या रागात जमेल तेवढा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? आम्ही सगळे ठणठणीत, फक्त माझं डोकं फिरलंय. तुमच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर माणूस हवा होता ना? मी येते. मास्तरकी पुरे झाली.

आमच्या प्राथमिक शाळेत यंदा सामायिक नेतृत्व आलं. म्हणजे मोठ्या बाई (आमच्या मुख्याध्यापिका, शिबिराला जाऊन आल्यापासून हुकूम सोडायच्या आधी हसतात) एकट्या नेत्या नाहीत, आपण सगळेच नेते. चित्रकलेचे सर वेळापत्रकाचे नेते, चौथीच्या बाई घंटेच्या आणि दुसरीची मी स्वच्छतागृहाची. सही मात्र मोठ्या बाईंनी स्वतःकडेच ठेवली. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

तर मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटली. साधी कडी हो, तुमच्याकडे डबाभर पडलेल्या असतात तसली! विचारायला गेले तर मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, नेत्या तुम्ही, मला काय विचारता?" आणायला निघाले तर, "अशी परस्पर कशी? सर्वांची संमती नको?" सभा झाली. सरांनी फळ्यावर कडीचं चित्र काढलं. चौथीच्या बाई शिक्षकांच्या बांधिलकीवर बोलल्या (त्या नादात घंटा द्यायची विसरल्या, म्हणून सभाही संपेना). कसली डोंबलाची बांधिलकी! माझ्या वर्गातली एक चिमुरडी, आम्ही तिला चिमणी म्हणतो, पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी नेत होती. का गं, म्हटलं, तर म्हणाली, "बाई, प्यायलं की तिकडे जावं लागतं. दार लागत नाही." मामा, अंगाचा तिळपापड झाला. एवढंसं लेकरू तहान मारतंय आणि आम्ही संमती गोळा करतोय!

मधल्या सुट्टीत शिपाईकाकांचा स्क्रूड्रायव्हर घेतला, कार्यालयामागच्या मोठ्या बाईंच्या खास स्वच्छतागृहाची कडी काढली आणि मुलींच्या दाराला बसवली. आता मलाच नोटीस! नेतृत्व केलं, पण सामायिक केलं नाही म्हणे. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय.

तुमची,
संतापलेली भाची

ता. क. खरं तर पत्र लिहायचं कारण असं की एक कडी पाठवा, स्क्रूसकट. मोठ्या बाईंच्या दारासाठी.

आणखी एक ता. क. गल्ल्यावर दुसरं कोणी बघा. चिमणीने आज स्वतःची बाटली संपवून माझ्या बाटलीतलं पाणी मागितलं. आणि कडीची घाई करू नका, सर्वांची संमती यायची आहे. तोवर मोठ्या बाई शाळेत पाणी पीत नाहीत.