धुऱ्यावरचा लाल ठिपका

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ६.
ठरलं. निंबाखेडीच्या चित्रशिबिराला जातो. पाच दिवस. पारशिवनीच्या पुढे आहे. थोर चित्रकार कै. बाबाराव हरकरे यांनी तिथल्या एका धुऱ्यावर बसून, म्हणजे दोन शेतांच्या मधल्या बांधावर बसून, आयुष्यभर एकच बाभूळ काढली. आता आपण तिथेच बसायचं. बाबारावांना कोणी शिकवलं नव्हतं. मलाही नाही. साम्य इथूनच सुरू होतं.

जयाला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "जा खुशाल. पण शेवटी त्या गार्गी मॅडम नागपूरच्या प्रदर्शनासाठी चित्रं निवडणार आहेत ना? तुमचं निवडलं तर मागची खोली तुमची, मी जन्मात तोंड उघडणार नाही. नाही निवडलं तर खोली माझ्या शिवणक्लासची."

निवृत्तीपासून तीन वर्षं मागच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. तिची मशीन स्वयंपाकघरात, फ्रीजला टेकून. मी हसून हो म्हटलं. मग वाईट वाटलं. बिचारीला उगाच आशा लावली.

संकल्प: रोज पाचला उठणे. रोज तीन चित्रं. विचारल्याशिवाय कोणाच्या चित्रावर मत न देणे.

१५ जानेवारी, बुधवार. रात्री.
बॅग भरली. उन्मेषने पुण्याहून पाठवलेला चित्र लावायचा ईझल तीन पायांचा आहे, त्यातला एक उघडत नाही. पोराने बापासाठी काहीतरी पाठवलं, हेच पुष्कळ. जयाने चिवडा, बाम, आणि माकडटोपी बॅगेत ठेवली. मी म्हटलं, बाबारावांच्या एकाही फोटोत माकडटोपी नाही. ती म्हणाली, "त्यांना बायको नव्हती."

१६ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळ.
पोहोचलो. एकूण चौदा जण. बहुतेक पोरंपोरी, त्यांच्या बॅगा माझ्या ईझलपेक्षा महाग. गार्गी मॅडम पस्तिशीच्या, हुशार, मला काका म्हणतात. मुक्काम रुपराव नावाच्या शेतकऱ्याच्या घरी. धुरा त्याच्याच शेताचा आहे.

बाभूळ नाही. तिथे विजेचा खांब आहे. सगळे हिरमुसले. रुपराव म्हणाला, "बाभूळ त माह्या बापानंच तोडली जी. त्या चित्रकारबुवाले आमी लहानपणी बोरं नेऊन देत होतो. दिवसभर तिथंच बसे. मले वाटे, ह्या मानसाले घरच्यायनं हाकललं असन."

गार्गी मॅडमनी एकच नियम सांगितला. जे डोळ्यांसमोर आहे तेच काढायचं. मनाचं घालायचं नाही. बाबारावांची हीच शिस्त होती म्हणे. खांब आहे तर खांब काढा.

मी मान डोलावली. मनात म्हटलं, शिस्त आम्हाला कोण शिकवणार! पस्तीस वर्षं हेडक्लार्क होतो.

१७ जानेवारी, शुक्रवार. दुपारी २.३०.
पाचला उठणे जमले नाही. सव्वासात. इथला कोंबडा बेजबाबदार आहे.

चित्र चांगलं सुरू झालं, पण पुढे सगळं तपकिरी होऊन बसलं. माती तपकिरी, कपाशीची वाळलेली पऱ्हाटी तपकिरी, खांबही कसा कोण जाणे तपकिरी झाला. शेजारची मुलगी कौतुकाने म्हणाली, "काका, ही म्हैस किती छान बसली आहे!" तो कुटाराचा, म्हणजे गुरांच्या भुशाचा, ढीग होता. मी धन्यवाद म्हटलं. नव्या पिढीला दुखवू नये.

चित्राला डाव्या कोपऱ्यात लाल पाहिजे, हे माझ्या लक्षात आलं. ही नजर शिकवून येत नाही. पण लाल कुठेच नाही. अर्धा तास वाट पाहिली की कोणी बाई लाल लुगडं नेसून येईल. आल्या त्या दोन म्हशी. खऱ्या.

धुऱ्यावर एक दगड उभा आहे, गुडघ्याएवढा. करडा. तो लाल असता तर! पण मनाचं घालायचं नाही.

मग सुचलं. सगळे जेवायला गेले होते. ॲक्रिलिकची लाल ट्यूब घेतली, अंगठ्याने दगडाला वरून छान लेप दिला. पाच मिनिटांत वाळला. मग परत येऊन जसा दिसला तसा काढला. नियम कुठेही मोडला नाही. नोकरीतही आम्ही हेच केलं. आधी वस्तुस्थिती फाईलप्रमाणे करून घ्यायची, मग फाईल लिहायची. कधी ऑडिट अडलं नाही.

चित्र एकदम जिवंत झालं. खाली सही, तारीख आणि वेळ टाकली: १७/१, दु. २.१०. सवय.

जेवणानंतर सगळ्यांचं काम गावात आहे, धुऱ्याकडे आज कोणी फिरकणार नाही. आजची उरलेली दोन चित्रं उद्या.

१८ जानेवारी, शनिवार. सकाळी ११.
झांजांनी जाग आली. पहाटे रुपरावची बायको गोपिका शेताकडे गेली होती. तिने दगड पाहिला आणि हातातली बादली तिथेच टाकून पळत आली. "मारोती निंघाला वं माय! शनवारचा निंघाला!"

दहा वाजेपर्यंत अर्धं गाव धुऱ्यावर. तेल, शेंदूर, रुईच्या पानांची माळ, नारळ. माझा लेप आता बोटभर शेंदराखाली आहे. एका म्हाताऱ्याला आठवलं की त्याचा आजा म्हणायचा, इथं देवाचं ठाणं आहे. दुसऱ्या म्हाताऱ्याला त्याहून जुनं आठवलं.

सांगायला हवं. गर्दी ओसरली की सांगतो.

दुपारी १. गर्दी वाढली. शिरा चांगला होता. दोनदा घेतला.

संध्याकाळी ६. रुपरावला गोठ्यामागे नेऊन सगळं सांगितलं. वाटलं, मारतो आता.  त्याने माझे दोन्ही हात धरले. "काकाजी, पाया पडतो, कोनाले सांगू नका जी."

गोष्ट अशी. पलीकडचं वावर, म्हणजे शेत, त्याच्या चुलतभावाचं, चंपतरावचं. रुपराव सांगत होता, "दर साली वखरताना थो हद्दीचा दगड हातभर माह्याकडं सरकवते. बारा सालात माही चार तासं जमीन गिळली त्यानं. मोजणी झाली, पंचायत झाली. मोजणीवाले गेले की दगड पुन्हा चालाले लागते. आता सरकवून पाहाय म्हना! देवाले कोन हात लावते? तुमाले मारोतीनंच धाडलं."

त्याचे डोळे भरले होते. माझेही. कोणाला सांगणार नाही, असा शब्द दिला. घरी आल्यावर गोपिकाने भाकरीवर आपणहून तुपाचा गोळा ठेवला. नवऱ्याने तिला सांगितलेलं नाही. तिची श्रद्धा खरी आहे.

कला समाजाच्या कामी यावी, असं मी नेहमी म्हणत आलो.

१९ जानेवारी, रविवार.
चंपतराव आला. मोठ्या मिशा. दगडापुढे आडवा पडला, पण पडल्या पडल्या एका डोळ्याने धुरा मोजत होता. उठून प्रत्येकाला विचारत फिरला, "पह्यले कोनं पाह्यलं? कवा पाह्यलं?" मला विचारलं तर मी ऐकू येत नाही असं दाखवलं. वय कामी येतं.

दोन चित्रं आणखी काढली. एक शेळीने चाटलं. दुसऱ्यावर मी बसलो. हरकत नाही, पहिलं आहे. गार्गी मॅडम त्यापुढे पूर्ण मिनिटभर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काका, बाकी सोडा, हा लाल ठिपका जबरदस्त आहे."

जयाला फोन केला. म्हटलं, खोलीचं विसर. ती म्हणाली, "बरं. टोपी घालता ना?"

२० जानेवारी, सोमवार. पारशिवनी बसस्टँड. दुपारी ४.
निवड रुपरावच्या अंगणात झाली. चौदा चित्रं भिंतीला लावून ठेवली. गाव पाहायला आलं होतं. चंपतराव पुढेच, खाटेवर.

माझं चित्र पहिल्या पाचात धरलं होतं. गार्गी मॅडमनी उचललं, खाली पाहिलं, आणि थांबल्या. "काका, तारीख सतराची आहे. दुपारी दोन दहा. दगड तर अठराला पहाटे लाल झाला ना?"

 मॅडम मोबाईलमध्ये पाहून म्हणाल्या, "सतराच्या सकाळचा माझा फोटोही आहे. दगड करडा आहे. म्हणजे लाल तुम्ही मनाने घातला? आपला नियम..."

चंपतराव खाटेवरून उठला. "काहून जी काकाजी? गावाले शनवारी दिसला, तुमाले शुक्रवारीच कसा दिसून राहिला?"

मी रुपरावकडे पाहिलं. त्याने घाईने चहाचा ट्रे चंपतरावपुढे धरला. गोपिकाने मला पाहून हात जोडले. तिला वाटलं, मला दृष्टांत झाला.

एकच वाक्य बोलायचं होतं. दगड मी रंगवला, मग काढला, नियम पाळला. चित्र भिंतीवर, खोली माझी.

मी म्हटलं, "हो. मनाने घातला. मला लाल रंग आवडतो."

मॅडमना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण नियम म्हणजे नियम. माझ्या जागी त्या म्हशीवाल्या मुलीचं चित्र घेतलं. चंपतराव खाली बसला. म्हणाला, "शहरातले लोक काहीही काढतेत."

रुपरावने स्टँडपर्यंत मोटरसायकलने सोडलं.  मी उतरल्यावर त्याने माझ्या पायांना हात लावला.

४.२०. आत्ता सुचलं. तारीख टाकताना चूक झाली, असं सांगता आलं असतं. कोणाचंच काही गेलं नसतं. पण पस्तीस वर्षांत माझी तारीख कधी चुकलेली नाही, त्यामुळे तसं डोक्यातच आलं नाही.

बस लागली.

२२ जानेवारी, बुधवार.
जयाला सांगितलं की निवडीत राजकारण होतं. आजकाल सगळं मॉडर्न लागतं. ती म्हणाली, "खरं काय झालं?" मी म्हटलं, हेच झालं. शब्द म्हणजे शब्द. तिने जास्त विचारलं नाही, पाटवडीचा रस्सा केला. ती रागावली की करत नाही, वाईट वाटलं की करते.

मशीन हलवायला मीच हात लावला. माझं सामान गॅलरीत. ईझलचा बंद पाय हलवाहलवीत आपोआप उघडला. आता बंद होत नाही.

एका सज्जन माणसाचं शेत वाचलं. प्रदर्शनं काय, येतात जातात. रोज एवढंच आठवायचं, असा संकल्प.

२ फेब्रुवारी, रविवार.
प्रदर्शन पाहून आलो. म्हशीवाल्या मुलीने खांब काढला आहे. हुबेहूब. त्यात बघण्यासारखं काय? दोनदा बघितलं.

क्लासला अकरा मुली आल्या. जया सकाळपासून गुणगुणत आहे. तीस वर्षांत तिचा आवाज असा ऐकला नव्हता.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.
रुपरावचा फोन. आवाज खुलला होता. मारोतीवर टिनाचं शेड उभं राहिलं. चंपतराव आता धुऱ्यापासून चार हात लांबून वखर घालतो, देवाचा धाक. मी म्हटलं, चला, सत्याचा विजय झाला.

तो म्हणाला, "काकाजी, तुमच्या हाताले लय गुन आहे जी. एक डाव अजून या. रंग घेऊन या."

काहून, मी विचारलं.

"पूर्वेकडच्या धुऱ्यावर बी एक दगड आहे. तिकडं शेजारच्या दादाजीचं वावर लागते."

तोही सरकवतो का?

"छ्या! थो गरीब मानूस, थो काय सरकवते! दगड मीच पह्यले चार हात तिकडं नेऊन ठेवतो. मंग तुमी लाल करा. घाई नाही. शनवार पाहून या."

मी ऐकू येत नाही असं दाखवलं. फोनवर ते नीट दाखवता येत नाही. शेवटी ठेवून दिला.

आतून जयाने विचारलं, "कोण होतं?" मी म्हटलं, माझ्या कामाचा एक चाहता. मशीन थांबली. ती दारात आली, गळ्यात मोजायची टेप. "चित्र मागतो आहे?"

म्हटलं, तसंच काहीसं. मोठं काम आहे म्हणतो.

ती म्हणाली, "अहो मग खोली लागेल तुम्हाला! मुलींना महिनाभर सुटी देते." डोळे चमकत होते तिचे. माझे इतके कधी चमकले नसतील.

नको म्हटलं. गॅलरीत उजेड चांगला येतो.

येत नाही.