पडद्यावरचा म्हातारा

नांदुरा
ता. १२ फेब्रुवारी १९७४

चि. निवृत्ती,

आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला द्यायचा असतो म्हणून देतो. राग आहे तसाच आहे.

तूर घरात आली. काळ्या गाईला गोऱ्हा झाला. तुझी आई बरी आहे, मीही बराच म्हणायचा.

आता कामाचं. शेती सोडून चित्रं काढणार असशील तर तोंड दाखवू नको, असं सहा वर्षांपूर्वी मी म्हणालो होतो. तू तुझं तोंड दाखवलं नाहीस. माझं मात्र साऱ्या जिल्ह्याला दाखवलंस.

झालं असं, की आपला रहेमतुल्ला टेलर बटणं आणायला खामगावला गेला आणि सिनेमा पाहून आला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून मला म्हणाला, "किसनराव, तुमाले पडद्यावर पाह्यलं म्या."

मला वाटलं, त्याला ताप आहे. पण मोठ्या सिनेमाआधी दहा मिनिटांचं, हाताने काढलेल्या हलत्या चित्रांचं पिक्चर दाखवतात, गुरांना लस टोचून घ्या असं सांगणारं, आणि शेवटी तुझ्या कंपनीचं नाव येतं, असं तो म्हणाला. ते नाव मला तुझ्या पत्रांमुळे माहीत. ती पत्रं मी वाचत नाही. तुझ्या आईला वाचता येत नाही म्हणून तिला मोठ्याने वाचून दाखवतो, इतकंच.

मग रहेमतुल्लाने मला हाताला धरून तीनच्या खेळाला नेलं. पाहतो तर काय, तोच फेटा, त्याच मिशा, एक हात पाठीमागे आणि चालताना डावा खांदा पुढे. म्हातारा डॉक्टरला पाहून बैल पळवतो, मग बैलच त्याला पळवतो आणि म्हातारा उकिरड्यात पडतो. टॉकीजभर हशा. रहेमतुल्ला तोंडावर रुमाल धरून हसला. मी एकदाच हसलो, तेही बैलाला.

मी उकिरड्यात कधीही पडलेलो नाही. पडलो तो नाल्यात, आणि ते तुझ्याशिवाय कोणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुझ्या आईला नेलं. ती हसली नाही. पदर डोळ्याला लावून म्हणाली, "पोरगं तुमची चाल इसरलं नाही."

खेळ सुटल्यावर मी टॉकीजच्या मशीनवाल्याला गाठलं. तो म्हणाला, एका पावलाला दहा-बारा चित्रं काढावी लागतात. म्हणून तिसऱ्यांदा गेलो, म्हाताऱ्याची पावलं मोजायला. चाळिसाच्या पुढे मोजता आली नाहीत. तू तिकडे महिनोन्महिने मलाच काढत बसला होतास, आणि इकडे मी घरात कोणाला तुझं नाव काढू देत नव्हतो.

आता मुंबईच्या टेलिव्हिजनसाठीही हाच म्हातारा करणार, असं आईला लिहिलंस. इकडे ते यंत्र नाही, तेव्हा मला दिसायचा नाही. पण एक चूक आत्ताच सांगून ठेवतो. तुझा म्हातारा बैलापुढे धावतो. माझा उजवा गुडघा गेल्या पावसाळ्यापासून वाकत नाही, काठी लागते. कोणाकडून लिहून घेऊन तुला कळवू नको, असं मीच तुझ्या आईला बजावलं होतं.

पुढची चित्रं काढण्याआधी एकदा येऊन माझी चाल नीट पाहून जा. स्टेशनावर मीच येईन. पूल चढून उतरायला मला वेळ लागतो, तेव्हा गाडीतून उतरलास की तिथेच थांब.

तुझी वाट पाहणारा
तुझा बाप
किसनराव