गोठलेल्या व्हरांड्याबाबत

सोबत जोडले आहे, आणि आधीच जोडले आहे, कारण आपल्या कचेरीत शेवटचे पान कोणी वाचत नाही:
केस वाळवायचे यंत्र, जळलेले.
बादलीच्या आकाराचा बर्फ. पोचेपर्यंत पाणी झाल्यास तक्रार चालणार नाही.
हिरव्या रंगाचा एक पोपडा.
मागच्या दाराची किल्ली.

प्रति,
मा. संचालक,
घरभाडे साहाय्य कचेरी,
हॅलोवे काउंटी, ओहायो.

विषय: जानेवारीत रंग धरला नाही म्हणून माझे घर तिसऱ्यांदा नापास केल्याबाबत.
संदर्भ: आपली तीन पत्रे. माझे फोन कोणी उचललेच नाहीत, त्यामुळे त्यांचा संदर्भ देता येत नाही.

महोदय,

१. मी ओडेसा प्रुइट. वरच्या मजल्यावर राहते. खालचा मजला रेनिटा कोल्स यांना आपल्या व्हाउचरवर, म्हणजे भाड्याचा मोठा वाटा आपली कचेरी भरणार या बोलीवर, भाड्याने द्यायचे ठरले आहे. त्या आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा सध्या बहिणीच्या सोफ्यावर झोपतात. घर पास झाल्याशिवाय करार नाही. व्हाउचरची मुदत शुक्रवारी संपते, आणि ती गेली की पुन्हा वर्षानुवर्षांची रांग.

२. आपले तपासनीस श्री. डनलेव्ही यांनी पहिल्या खेपेस लिहिले की व्हरांड्याचा रंग सुटला आहे, घरात लहान मूल येणार, तेव्हा तो खरवडावा. जुन्या रंगात शिसे असते, लहान मुलांना ते विषच, मान्य. धूळ उडू नये म्हणून लाकूड आधी ओले करावे, असा आपला नियम. मी ओले केले. नियम लिहिणारा बहुधा फ्लोरिडात राहतो. पाणी जागच्या जागी गोठले. दुसऱ्या खेपेस श्री. डनलेव्ही त्यावरून घसरले आणि उठायच्या आत 'जमीन धोकादायक' अशी नोंद करून मोकळे झाले.

३. मग मी केस वाळवायच्या यंत्राने बर्फ वितळवत, खरवडत, रंगवत गेले. समोरचे वेंडेल गाडीची काच खाली करून म्हणाले, "मिस ओडेसा, एवढं केलंच आहे तर खांबाची वेणीपण घालून टाका." थंडीत रंग धरत नाही. तिसऱ्या खेपेस श्री. डनलेव्हींनी तो नखाने उचलला. आला. उन्हाळ्यापर्यंत सवलत मिळत नाही का, असे मी विचारले. म्हणाले, "मिळते की. पण अर्ज रंगवायच्या आधी करायचा असतो."

हा अर्ज रंगवल्यानंतरचा आहे.

४. रेनिटाबाई काल जिन्यात बसून म्हणाल्या, "मला व्हरांडा नकोच, मिस ओडेसा. मागचं दार द्या, तेवढं पुरे." तेव्हा व्हरांड्याला मी स्वतः फळ्या ठोकल्या आहेत. हवा तापून तो नीट खरवडून होईपर्यंत त्या निघणार नाहीत, आपण सांगितले तरी. आपण घर मागच्या दाराने तपासावे आणि बाईंची मुदत वाढवावी. शुक्रवारच्या आत. जाता जाता, आपल्या कचेरीच्या पायऱ्यांच्या कठड्याचा हिरवा रंगही मी नखाने उचलून पाहिला. आला.

नम्र नाही, तरी आपली,
ओडेसा प्रुइट
बुधवार, २१ जानेवारी

१९९१ साली याच योजनेतून याच खालच्या मजल्यावर मी भाडेकरू म्हणून आले तेव्हा हा व्हरांडा पास झाला होता, आणि पुढच्या वर्षी माझ्या मुलाच्या रक्तात शिसे निघाले.