शरणम्मा आत्यांचे सुळे

धाराशिव

तीर्थरूप शरणम्मा आत्यांस,
श्रीदेवीचे शरणु शरणार्थी.

"जे डोळ्यानं बघितलंस तेच काढ गं, उगं मनचं काढू नको," असं तुम्ही मला एकदा म्हणाला होतात. मी तेव्हा तिसरीत होते की चौथीत. सुट्टीत उमरग्याला तुमच्या दुकानात बसून ताडपत्रीच्या कातरणावर खडूनं परी काढत होते आणि परीचे पाय उलटे आले होते. तुम्ही मशीन थांबवलं, चित्राकडं पाहिलं, हे वाक्य बोललात आणि पुन्हा मशीन सुरू केलं. तुमच्या हे लक्षातही नसेल. मी मात्र ते इतकं मनावर घेतलं की आज त्याच्यामुळंच मला तुमच्यापुढं उभं राहायला तोंड उरलेलं नाही. (दोष तुमचा आहे असं मला म्हणायचं नाही. थोडंसं म्हणायचं आहे, पण या पत्रात ते शोभणार नाही.)

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी मशीनवर बसू नका म्हणून सांगितलं आणि तुम्ही त्यांनाच एक उशी शिवून दिलीत, हे तुमच्या भाच्याकडून, आमच्या शंभूकडून कळलं. इकडं आम्ही बरे आहोत. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला आहे, आणि तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहायची पाळी आली आहे. सवय मोडल्यामुळं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलंय, ते पोटात घाला. आणखीही बरंच पोटात घालायचं आहे, त्यामुळं जागा शिल्लक ठेवा.

मी नेमकं काय काम करते हे आपल्या घरात कुणाला नीट ठाऊक नाही. आमचे हे तर लोकांना "मिसेस ड्रॉइंग शिकवतात" असंच सांगतात, कारण खरं सांगितलं की चहा येईपर्यंत ते समजावत बसावं लागतं. तर आत्या, मी विज्ञानकथांची चित्रं काढते. दुसरे ग्रह, तिथली माणसं (म्हणजे माणसं नव्हेत), यानं वगैरे. दिवाळी अंकांत ती छापून येतात. आता यातलं मी डोळ्यानं काय पाहिलंय? चंद्राची जमीन मी भूमच्या बाजूला, ईट गावाच्या पलीकडच्या माळावर छत्री घेऊन बसून काढली. यानं काढताना मळणी यंत्राच्या पुढं माझी मजल कधी गेली नाही. पुण्याच्या एका संपादकांनी एकदा कळवलं होतं की तुमच्या यानातून मंगळावर जाता येईल असं वाटत नाही, सोयाबीन मात्र झकास निघेल. कथा लिहायला लागले तेही काही ठरवून नव्हे. एका लेखकाच्या मुलीचं लग्न निघालं, कथा आलीच नाही, आणि माझं चित्र तर छापून तयार. संपादक म्हणाले, चित्र तुमचं आहे, तर त्यात काय चाललंय तेही तुम्हीच सांगा. तेव्हापासून सांगते आहे.

आणि परग्रहावरचे जीव म्हणाल, तर ते सगळे आपल्या घरातले. दुसरे चेहरे मी इतक्या जवळून पाहिलेच कुठं? शंभूचे सासरे शंकरप्पा मामा माझ्या चित्रात माशासारख्या कल्ल्यांसकट पाण्याखाली राहतात. शंभू स्वतः एका कथेत शेवाळ आहे. (त्याला सांगू नका.) सगळ्यांत जास्त वेळा तुम्ही आहात. यान बिघडलं, बाकीचे निघून गेले आणि कुणीतरी एकटंच मागं राहून दिवा लावून बसलंय, असं कथेत आलं की मला दुसरा चेहरा सुचतच नाही. यंदाच्या अंकातली माझी "आभाळ शिवणारी" ही कथा तर सरळसरळ तुमची आहे. एका ग्रहाचं आभाळ सारखं उसवतं, आणि आठ हातांची एक निळी बाई वर बसून ते टाचत राहते. खालून येणाऱ्याजाणाऱ्याला ती दिसत नाही, पण पाऊस गळायचा थांबला की कळतं, ती जागेवर आहे.

इथवर मी निर्दोष आहे. आता पुढचं ऐका.

माझे परग्रहवासी भीती घालत नाहीत, अशी संपादकांची जुनी तक्रार आहे. याच कथेवरचं अंकाचं मुखपृष्ठ पाठवलं तर म्हणाले, ही बाई जेवायला वाढेल असं वाटतंय, वाचक दचकला पाहिजे. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी दुसऱ्या चित्रकाराचं नाव काढलं, आणि आत्या, मी बसले आणि तुमच्या तोंडाला दोन सुळे काढले. तुमच्या नाकातली मोरणी तशीच ठेवली, हनुवटीवरची चामखीळ तशीच ठेवली, आणि मधे सुळे. पांढरा रंग लावायच्या आधी ब्रश दोनदा धुतला. पण लावला. चांगले ठळक लावले. आणि त्याच चित्राला एका मंडळाचं बक्षीस मिळालं.

बक्षीस मिळालं म्हटल्यावर शंभू गप्प बसतो होय! त्यानं उमरग्याच्या चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचं ठरवलं. वर माझा फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग. फ्लेक्सवाल्या बिराप्पाचा मला फोन आला की घरच्यांचे फोटो धाडा. मी फोनमधून भराभर पाठवले. फोनमध्ये तुमचे फोटो आणि तुमच्यावरून केलेली चित्रं शेजारी शेजारीच असतात, आणि चष्मा डोक्यावर होता. जे दिसलं ते सगळं गेलं. तरी बिराप्पानं विचारायला नको? मी नंतर त्याला धरलं तर म्हणतो कसा, "ताई, व्हाट्सअपचे फोटो मोठे केले की फुटतेत. ही चित्रं कशी लई क्लिअर व्हती. मला वाटलं, आजकाल ते मोबाईलवर करतेत तसलं काहीतरी केलंय तुमी घरच्यांनी." शंभूनं छापायच्या आधी तपासला होता. म्हणजे स्वतःचा फोटो तपासला होता. तो त्यानं स्टुडिओत जाऊन काढला होता, तो उत्तम आला आहे.

असा तो फ्लेक्स हैदराबाद रस्त्याच्या तोंडावर लागला. शंकरप्पा मामा कल्ल्यांसकट, आणि मधोमध निळ्या रंगात, सुळ्यांसकट, खाली ठसठशीत अक्षरात "श्रीमती शरणम्मा (आत्या)". नाव नसतं तर एखाद्यानं तरी शंका घेतली असती. मामा म्हणे खूश आहेत. "जावईबापू, गालफडं भरल्यावानी दिसायलेत," असं शंभूला म्हणाले आणि तेच चित्र आपल्या मोबाईलवर लावून घेतलं. मला हे कळलं तेव्हा मी हसलेही. शंभू मात्र हसेना. तेव्हा समजलं, तुम्ही दवाखान्यातून येताना रिक्षा थांबवून ते पाहिलंत. इतकी वर्षं ज्या फ्लेक्सच्या पन्नीनं तुमच्या ताडपत्रीचं गिऱ्हाईक नेलं, त्याच पन्नीवर तुम्हाला टांगलं, आणि तेही असं. तुम्ही आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तुम्ही शंभूला एवढंच म्हणालात, "माझं तोंड तिला असं दिसतंय व्हय रे? तिला म्हणावं, आता बघू नको."

मी त्याच आठवड्यात एसटीनं उमरग्याला आले होते. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. खालून मशीनच्या पायट्यावर तुमचे पाय हलताना दिसत होते. मी "आत्या" म्हटलं आणि पाय थांबले. शटर वर गेलं नाही. मी तिथं बरंच उभी राहिले, शेजारच्या पंक्चरवाल्यानं मला बसायला टायर दिला, त्यावर बसले. शेवटी मी उठून स्टँडकडं चालायला लागले, तेव्हा मागं मशीन सुरू झालं.

ज्या बाईला मी कथेकथेत सगळ्या जगाला टाके घालायला बसवलं, तिच्या तोंडाला दोन सुळे लावताना मी विचार केला तो फक्त माझं चित्र जाईल की राहील याचा. कल्पनेतल्या ग्रहावर चालतं असं मी स्वतःला सांगितलं. पण तुम्हाला तर मी चौकात आणून लावलं. मला ते तसं कधीच दिसलं नाही हो आत्या. मी पाहिलं एक आणि काढलं एक. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि तुमच्यासमोर तर एवढंही सांगता आलं नसतं.

गुडघ्याला जपा.

तुमची,
श्रीदेवी

ता. क. शंभूबरोबर शेंगाची चटणी आणि गुडघ्याचं तेल पाठवते आहे. परत करायचं असेल तर तेल तेवढं परत करा, चटणी त्याच्याकडं दिलीत तर ती माझ्यापर्यंत पोचणार नाही.

ता. क. फ्लेक्स काढला. मात्र शंकरप्पा मामांनी तो मागून नेला आणि कडब्यावर झाकलाय. तुमचं चित्र असलेली बाजू खाली येईल असा घालायला सांगितलं होतं. शंभू म्हणतो तसाच घातलाय. मी जाऊन पाहिलेलं नाही.

ता. क. राहिलंच. (राहिलं नव्हतं, धीर होत नव्हता.) माझ्या कथांचं पुस्तक निघतंय, पहिलंच. मुखपृष्ठावर आभाळ शिवणारी हवी आहे. सुळे काढून टाकले, पण त्यांच्या खालचं तोंड मला आता आठवेना. चार वेळा काढलं, चारही वेळा ती बाई रागावलेलीच आली. एक सकाळ माझ्यासमोर बसाल का? तुमचा चष्मा काढून, मशीनवर, नेहमीसारखं. तुम्ही नाही म्हणणार हे मला ठाऊक आहे. पण ते शंभूजवळ म्हणू नका आणि फोनवर म्हणू नका. शटर वर करा, मला समोर बसू द्या आणि मग म्हणा. जरा सावकाश म्हणा.